नार्दो उतरत नाही

नाही हो सर, जेलीफिश वगैरे काही नव्हतं तिथं. सकाळी मी म्हणालो खरं, की पाण्यात जेलीफिश सुटलेत, अंगावर चट्टे उठतील, पुढच्या बेटावर जाऊ — पण ते आपलं असंच. आणि दुसऱ्या बेटापाशी ओहोटीचं कारण सांगितलं, तेही खरं नव्हतं, पाणी चांगलं कमरेएवढं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी काही सांगणार नव्हतो. अख्खी बोट दिवसभरासाठी घेतलीत, एकट्या माणसानं — तीन बेटं, पोहणं, वाळूवर निखाऱ्यात भाजलेला मासा — आणि दुपार कलली तरी पायाला वाळू नाही, मासा इथंच इंजिनाशेजारी स्टोव्हवर तळून दिला, अर्धा कच्चा, अर्धा जळका. माणूस विचारणारच. मी असतो तर शिव्या दिल्या असत्या. तुम्ही शांत दिसता. — बसा, बसा, उभे राहू नका. आणि उजव्या बाजूलाच बसा. तिकडं सावली आहे ते दिसतंय मला, पण डावीकडं नको. सांगतो ना, घाई काय आहे, समुद्र कुठं पळून चाललाय.

ती पहिल्या बेटावरची बाई आठवते? फुलाफुलांचा झगा, पाण्यात उतरून दोन्ही हात हलवत होती? तुम्हीही हात हलवलात, फोटोसुद्धा काढलात तिचा. ती पासिंग मावशी. त्या बेटाची राखण तिच्याकडं असते, आल्यागेल्याला ती नारळ फोडून देते, लाख बाई आहे. पण ते स्वागत नव्हतं, सर. तिच्या मुठीत मीठ होतं. तुम्हाला आमची भाषा येत नाही — चेहरा आमच्यातला, आडनाव आमच्यातलं, जीभ तेवढी परदेशी, माझ्याशीही इंग्रजीतच बोलता — म्हणून तुम्हाला कळलं नाही. ती ओरडत होती, 'तेबान, मुडद्या, तुझ्या बोटीची सावलीसुद्धा माझ्या वाळूवर पाडू नकोस, जा तिकडं कुठं झटकायचंय ते झटक.' मुडद्या तर ती मला लहानपणापासून म्हणते, त्याचं काही नाही. पण आज म्हणाली आणि म्हटल्यावर स्वतःच जीभ चावली.

दुसऱ्या बेटावर तर माझेच दोस्त होते. चार बोटी लागलेल्या, पाहुणे पोहत होते, धूर निघत होता — तुम्ही म्हणालात, वा, छान वास येतोय. त्यांनी काय केलं पाहिलंत? बोट ढकलायचे लांब बांबू उचलले आणि माझ्याकडं रोखून धरले. एक जण म्हणतो, 'तेबानदादा, आज आमच्याकडं जागा नाही. तुमची दोन माणसं मावली असती, तिघांची सोय नाही.' सगळे हसले. मीही हसलो. तुम्हीही हसलात, तेव्हा मला बरं वाटलं.

झटकायचं काय, ते सांगतो. आमच्याकडं मयताच्या घरी जाऊन आलं की माणूस थेट आपल्या घरी जात नाही. मध्ये कुठंतरी थांबायचं. बेकरीतून पाव घ्यायचा, टपरीवर एक सिगरेट ओढायची, बाजारात उगाच कांद्याचा भाव विचारायचा. गेलेला माणूस पाठोपाठ येत असतो ना — वाईट बुद्धीनं नाही हो, बिचाऱ्याला करमत नसतं. वाटेत चार माणसं दिसली, गलका दिसला की तो तिथं रेंगाळतो, आणि तुम्ही हळूच सटकता. पगपग म्हणतात त्याला. झटकणं. तुमच्या आईनं नाही सांगितलं कधी? इकडचीच, इलोइलो गावची ना ती? मग तिला माहीत असणारच, विचारा फोनवर. परदेशी गेलं की लोक असल्या गोष्टी वरच्या फळीवर टाकून देतात आणि शिडी मोडून ठेवतात. — हसताय. हसा. नार्दोलाही हसणारी माणसं फार आवडायची.

नार्दो म्हणजे ज्याच्या मयताला मी गेलो होतो तो. माझ्या पोरीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, म्हणून आम्ही एकमेकांना पारे म्हणायचो, आणि तसं नसतं तरी म्हटलंच असतं, कारण त्या माणसाला दुसरं काही म्हणताच यायचं नाही. तो कुठं एकदा बसला की उठायचा नाही. हे मी वाढवून सांगत नाहीये. मी इतर गोष्टी वाढवून सांगतो, सगळं गाव सांगेल तुम्हाला, पण ही नाही. एका लग्नात गेला, नवरा-नवरी कंटाळून निघून गेली, मांडव उतरवला, खुर्च्या टेम्पोत भरल्या — तो बसलेल्या खुर्चीसकट टेम्पोत चढला आणि खुर्च्यांच्या मालकाकडं जेवून आला. कराओकेचा माईक त्याच्या हातातून काढायला एकदा गावची वीज घालवावी लागली. आणि त्याची बायको कशी मिळाली सांगू? दारू पिऊन चुकून भलत्याच बोटीत झोपला. ती बोट गेली माल घेऊन पलीकडच्या बेटावर. सकाळी मालकानं उठवलं, बाबा उतर. हा उतरेना. त्यांनी माल उतरवला, नवा माल भरला, तरी उतरेना. शेवटी मालकाची मुलगी कॉफी घेऊन आली, तेव्हा उतरला, आणि तिच्याशीच लग्न केलं. बोटीत चढला की उतरत नाही, हा त्याचा स्वभाव. जिवंतपणी आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

गेला कसा, तर बोटीतच. दुपारी मासे धरायला निघाला, सुकाणू बगलेत धरून बसला आणि तसाच गेला. हृदय म्हणे. इंजिन चालूच. बोट आमच्या गावासमोर खाडीत गोल गोल फिरत राहिली, एकाच जागी, सबंध दुपारभर. किनाऱ्यावरून सगळे हात करत होते, शिट्ट्या मारत होते, पोरं टाळ्या पिटत होती — नार्दो आहे, काहीतरी खेळ करत असेल. पोरीचं पोर हातावर घेऊन मीसुद्धा दारात उभा होतो, त्या पोराचा इवलासा हात धरून हलवला, 'बघ, तुझा आजोबा नार्दो.' नार्दोनं मान वर केली नाही. डिझेल संपलं तेव्हा बोट आपोआप थांबली. तोंड कुठं होतं तिचं, माहितीय? सरळ आमच्या दाराकडं.

हां, ते पोर. खरी गोष्ट तीच आहे. माझी पोरगी लिगाया, तिचं पोर. अजून बाप्तिस्मा झालेला नाही, नाव ठेवलेलं नाही, आम्ही त्याला नुसतं उंदीर म्हणतो. याच्या आधीचं एक गेलं तिचं. माझा जावई एका मयताला गेला होता, परत येताना पाऊस लागला, म्हणाला कुठं थांबू, भिजतोय — आला थेट घरी. चिखलाच्या पायांनी पाळण्यापाशी. पोर आठवडाभर काही प्यायलं नाही आणि मग संपलं. डॉक्टरांनी काही वेगळं नाव सांगितलं त्या दुखण्याचं, त्यांचंही खरं असेल. पण जावई त्यानंतर घरात झोपला नाही, मनिलाला गेला तो गेलाच. आता हे दुसरं. आणि नार्दो रोज निरोप धाडायचा, 'रविवारी येतो, उंदराला बघायला येतो, कोंबडी कापून ठेवा.' रविवार यायचा होता अजून. त्याला यायचंच होतं, सर. तो बोलावल्याशिवाय यायचा, आणि इथं तर मी बोलावलेलं होतं.

म्हणून मयताला जायचंच नाही असं लिगाया म्हणाली. मी म्हटलं, कसं नाही जायचं, लोक थुंकतील तोंडावर. काल गेलो, त्याच्या बायकोच्या बेटावर ठेवलंय त्याला. आमच्याकडं आठवडाभर घरात ठेवतात, लोक जागतात, पत्ते खेळतात, कॉफी पितात. रात्रभर बसलो. पहाटे निघालो तर निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नाही — येतच नाहीत, मयताच्या घरच्यांनी पाहुण्याला पोचवायला यायचं नसतं, रीतच आहे. मी एकटाच बोटीवर चढलो, नांगर ओढला, बांबूनं रेटतोय तर बोट वाळूत रुतलेली. तेवढ्यात मागून कुणीतरी छान रेटा दिला. सुळकन पाण्यात. मी सवयीनं म्हटलं, 'थँक्यू, पारे.' मग मागं बघितलं. वाळू रिकामी. माझ्या पायांचे ठसे होते तेवढेच.

तेव्हापासून डावी उलांडी, बोटीच्या कडेला तोलासाठी बांधलेला हा बांबू, दबलेली आहे. बघा ना, तुम्हीच बघा. तुम्ही उजवीकडं, डिझेलचा डबा उजवीकडं, बर्फाची पेटी उजवीकडं मी सरकवली — आणि पाण्याला टेकलाय कुठला बांबू? डावा. वारा? वारा समोरून आहे.

वाटेत कुठंतरी थांबायचं होतंच मला. पण एवढ्या पहाटे उघडं काय असणार, आणि आमच्या गावचा बेकरीवाला तर माझ्याच शेजारी बसून रात्रभर पत्ते खेळत होता. रिकाम्या वाळूवर उतरून भागत नाही, माणसं लागतात. आणि धक्क्यावर तुम्ही उभे. गळ्यात टॉवेल, डोक्यावर नवी टोपी. मी बोटीतून पाय खाली ठेवला नाही, पाहिलंत का? गावची जमीन ती, तिथून आमचं दार दिसतं. लिगाया दारात उभी होती, पोर छातीशी गच्च धरून, आणि मान नाही, नाही अशी हलवत होती. मी म्हटलं, आता काय करू. तर धक्क्यावरच्या मंडळींनीच सुचवलं. दोर सोडणारा म्हणाला, तुझं गिऱ्हाईक आलंय, घेऊन जा ना. बेटांवर झटक. आणि बेटांवर नाहीच जमलं, तर — मग सगळे तुमच्याकडं बघायला लागले. किती प्रेमानं बघत होते. तुम्हाला हात देऊन चढवलं, टोपी सरळ केली तुमची. तुम्ही म्हणालात, इथले लोक फार चांगले आहेत. आहेतच.

तर काय ते नाहीच जमलं तर? अहो, सोपं आहे. संध्याकाळी तुम्हाला तुमच्या लॉजच्या किनाऱ्यावर सोडायचं. तुम्ही उतरणार, तुमच्यामागं तो उतरणार. तिथं बार आहे, गाणी आहेत, उघड्या पाठीच्या बायका आहेत, नार्दोला काय हवं अजून. आणि समजा नाही रमला तिथं, तर उद्या तुमचं विमान आहे, असं तुम्हीच सांगितलंत. त्याला परदेश बघायची फार हौस होती. आयुष्यभर पासपोर्ट काढतो काढतो म्हणत राहिला. मी विचार केला, सगळ्यांचंच भलं होतंय. तुमचा विश्वास नाही, म्हणजे तुम्हाला त्रास नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं. सकाळी बिस्किटं दिली ना तुम्हाला, गोल, साखर लावलेली? दोन पुडे संपवलेत. चांगली होती म्हणालात. ती तिथलीच. मयताच्या घरचं खाणं घरी न्यायचं नसतं, टाकूनही देववत नाही. म्हटलं तुमची आणि त्याची जरा ओळख होऊ दे. — थुंकून काय उपयोग आता, ती पचली. पाणी घ्या. घ्या हो, पाणी माझंच आहे.

वाजतोय फोन तुमचा. घ्या ना, इथं या टेकडीपुरतीच रेंज येते, पुढं गेलो की तुटेल. घ्या, मी इंजिन हळू करतो.

...मॅडम? म्हणजे मॅडम आहेत बरोबर? मला वाटलं एकटेच आलात. एकट्यासाठी बोट सांगितलीत म्हणून. मग त्यांना का नाही आणलं — दिवसभर लॉजवर काय करतात बिचाऱ्या? बोटीचे हादरे? हादरे कसले, समुद्र तर थाळीसारखा सपाट — डॉक्टरांनी नको म्हटलंय. असं. का नको म्हटलंय?

कितवा?

सातवा.

मला कुणी सांगितलं नाही हे. धक्क्यावर कुणालाच माहीत नव्हतं, माहीत असतं तर — नाही, शपथेवर नाही सांगत. माहीत असतं तरी कदाचित त्यांनी तुमची टोपी सरळ केलीच असती. आमचं पोर आम्हाला दिसतं, तुमचं कुठं दिसतं. पण आता मला कळलंय ना. आता कसा सोडू तुम्हाला त्या किनाऱ्यावर? त्या खाली येतील, पाण्यापर्यंत, चपला हातात घेऊन, बायका येतातच तशा. तुम्ही उतरणार. आणि तो — तुम्ही त्याला ओळखत नाही, सर. लहान पोरं बघितली की वेडा व्हायचा. पोटातल्या पोराशीसुद्धा बोलायचा, लिगायाच्या पोटाला कान लावून तास तास बसायचा. पहिल्या वेळेलाही बसला होता, आणि या वेळेलाही.

आता नाही हसत तुम्ही.

बंद करतो इंजिन. बसू जरा. सकाळपासून डोकं नुसतं धडधडतंय. माझ्या घरी नेता येत नाही, तुमच्याकडं सोडता येत नाही, बेटांवर कुणी घेत नाही, तिसरं तर ओसाडच आहे. अंधार पडायच्या आत काहीतरी करायला हवं, अंधारात बोट बाहेर ठेवून मी त्याच्याबरोबर बसणार नाही. दोस्त असला तरी नाही. — तुम्ही का सरकताय? डावीकडं बघू नका एवढं. टक लावून बघितलं की त्याला वाटतं बोलावताहेत.

थांबा. ऐकू आलं? गाणं. — इंजिन बंद केलं म्हणून ऐकू आलं. त्या कड्याच्या मागून येताहेत. हां, तीच. मोठी आहे बोट, दोन्हीकडं उलांड्या, छत निळं, फुगे बांधलेत. कराओके लावलंय, वाढदिवस असणार कुणाचा. किती बेसूर गातोय बघा तो, आणि सगळे टाळ्या वाजवताहेत. आमच्या बाजूचे नाहीत हे, निळं छत इकडं कुणाचं नाही, उत्तरेकडचे असतील. त्यांना काही कळलेलं नसणार. सर, याच्यापेक्षा चांगली जागा नार्दोला शोधून मिळणार नाही. आपण हात करायचा, इंजिन बंद पडलंय म्हणायचं, जरा ओढून न्या. बंद आहेच, खोटं कुठं आहे त्यात. बोटीला बोट टेकली, माईक दिसला, की तो आपला राहत नाही.

कुठं आहेत पोरं? मला नाही दिसत. ऊन डोळ्यांवर येतंय माझ्या. तुम्हाला दिसतात? छताखाली? असतील, वाढदिवस म्हणजे असणारच. — मोजू नका हो. मोजायचं कशाला.

बरं, मग असं करू. जाऊ द्या त्यांना. मी इंजिन चालू करतो, ही बघा दोरी हातात धरली, एक झटका दिला की चालू. सरळ तुमच्या लॉजवर नेतो. मॅडम गॅलरीत वाट बघत असतील. माझ्या उंदराचीही चिंता मिटली आणि त्या पोरांचीही. तुम्ही म्हणाल तसं, बोट आज तुमची आहे, तुम्ही घेतलीय. तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वासच नाही, मग हरकत काय? करू चालू? — सर, मी विचारतोय. निघून चालले ते, कड्याला वळसा घालताहेत, एकदा वळले की दिसणार नाहीत. करू?

हं.

नाही, मी काही म्हणत नाही. मी बघितलं नाही, मी दोरीकडं बघत होतो. पण हात तुम्ही केलात. माझा हात इथं आहे.

त्यांनी बघितलं. वळवताहेत बोट. भले लोक आहेत. आणखी एकदा हलवा, दोन्ही हात, हां, तसे. आता पुढं बोटीच्या टोकाला, नाळेवर जाऊन उभे राहा, सांभाळून, उजव्या कडेनं जा. ते दोर टाकतील तो झेला आणि त्या खुंटाला गुंडाळा. चेहरा आपल्यातला आहे तुमचा, परके वाटणार नाहीत त्यांना. केक देतील, घ्या. विचारतील कुठून आलात, सकाळपासून कुठं होतात. तुम्हाला भाषा येत नाही, सर. एक अक्षर येत नाही.

आले. गप्प बसा आता.